आवाज ठेवला कुठे? संगीताच्या आज्ञावल्यांचे एक परीक्षण

शेवगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववीच्या वर्गाबरोबर आम्ही एक प्रकल्प केला होता. नाव होते 'आपल्या गावाचे आवाज'. मोबाईल घेऊन गावात फिरायचे आणि कानावर येणारे आवाज टिपून आणायचे, एवढेच मुलांचे काम. मुले उत्साही होती. महिनाभरात त्यांनी २१४ आवाज गोळा केले. कडबाकुट्टीचे यंत्र, बैलांच्या गळ्यातील घुंगुरमाळा, विहिरीवरची मोटार, पहाटेचा कोंबडा, पिठाची गिरणी, हरिपाठ आणि घरोघरच्या आज्यांनी म्हटलेल्या जात्यावरच्या ओव्या. यातून निवडक तुकडे घेऊन, संगीत तयार करण्याच्या एका आज्ञावलीत ते जोडून मुलांनी स्नेहसंमेलनासाठी चार मिनिटांचे ध्वनिचित्र केले. गावाने ते कौतुकाने ऐकले. प्रकल्प यशस्वी झाला असे आम्ही समजलो.

पुढच्या वर्षी ओव्या म्हणणाऱ्या आज्यांपैकी एक वारल्या. त्यांची नात आमच्याच वर्गातली. काही दिवसांनी तिचे वडील शाळेत आले. म्हणाले, "सर, आईच्या ओव्या तुम्ही भरून घेतल्या होत्या ना? तेवढ्या द्या. घरात तिचा आवाज कुठंच नाही."

आम्ही संगणक उघडला. फायलींची नावे होती 'रेकॉर्डिंग ४', 'नवीन ध्वनी १७', 'ओवी फायनल', 'ओवी फायनल खरी'. कोणती ओवी कोणाची, हे एकाही नावावरून कळेना. शिल्लक फायली होत्या १८० आणि प्रत्येक सरासरी दोन मिनिटांची. म्हणजे ऐकायलाच सहा तास. नातीला शेजारी बसवून तीन संध्याकाळी आम्ही सर्व फायली ऐकल्या. आजींचा आवाज शेवटी सापडला तो ध्वनिचित्राच्या फोल्डरमध्ये, 'लूप ९२' या नावाखाली. लांबी नऊ सेकंद. ९२ हा त्या तुकड्याचा आज्ञावलीने ठरवलेला वेग, मिनिटाला ९२ ठोके. मूळ ध्वनिमुद्रण अर्ध्या तासाचे होते असे नात सांगते. मोबाईलमध्ये जागा हवी म्हणून ते कोणीतरी पुसले होते.

चूक मुलांची नव्हती. जपून ठेवायला आम्ही त्यांना शिकवले नव्हते. पण हे प्रकरण मनातून जाईना, म्हणून आम्ही एक प्रश्न हाती घेतला. आज शाळेत सहज मिळणाऱ्या ध्वनीच्या आणि संगीताच्या आज्ञावल्या आवाज नीट लावून ठेवायला आणि हवा तेव्हा शोधायला किती मदत करतात? त्यांत काय चांगले आहे, काय उणे आहे, आणि ते उणे का आहे? हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

एक वस्तू, एकच जागा

प्रथम फोल्डरचा विचार करू. फोल्डर ही कल्पना कार्यालयातील कपाटावरून आली. कपाटात खण, खणात धारिका, धारिकेत कागद. कागद एका वेळी एकाच धारिकेत राहू शकतो. संगणकातही सर्वसाधारणपणे फाईल एकाच फोल्डरमध्ये असते. आता आजींची ओवी कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची? 'ओव्या' या फोल्डरमध्ये, 'स्त्रियांचे आवाज' मध्ये, गावाच्या नावाच्या, की 'डिसेंबर' नावाच्या? त्या ओवीत भावाचा उल्लेख असेल तर 'भाऊ-बहीण' हा विषयही आहे. मागे जात्याची घरघर ऐकू येते, म्हणून 'यंत्रे आणि अवजारे' मध्येही ती शोभेल. पाच फोल्डरांत पाच प्रती ठेवल्या तर जागा पाचपट लागते, आणि एकीत सुधारणा केली की उरलेल्या चार जुन्या राहतात.

ही अडचण संगणकाने निर्माण केलेली नाही. ग्रंथालयांना ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे. तिथे पुस्तक एकाच फळीवर असते, पण त्याची पत्रे मात्र अनेक असतात. एक लेखकाच्या नावाचे, एक पुस्तकाच्या नावाचे, एक विषयाचे. पुस्तक हलत नाही, त्याच्याकडे येणाऱ्या वाटा वाढतात. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी याच्याही पुढचे पाऊल टाकले. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या कोलन वर्गीकरणात विषयाला एकाच मोठ्या झाडाच्या एका फांदीवर बसवलेले नाही. विषयाचे वेगवेगळे पैलू वेगळे नोंदवायचे आणि मग ते चिन्हांनी जोडायचे, अशी त्याची रीत आहे. कोणती वस्तू, तिच्यावर कोणती क्रिया, कोठे, केव्हा, असे ते पैलू. आज दुकानाच्या संकेतस्थळावर आपण 'रंग', 'किंमत', 'आकार' अशा चौकटींवर खुणा करून वस्तू निवडतो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

तेव्हा आवाज ठेवणाऱ्या कोणत्याही आज्ञावलीला आपण एक साधी कसोटी लावू. आवाजाकडे जाणाऱ्या किती वाटा ती देते, आणि त्या वाटा कोणाच्या सोयीच्या आहेत?

ऑडॅसिटी : उत्तम कातर, अपुरी वही

शाळांमध्ये सर्वांत जास्त वापरली जाणारी आज्ञावली बहुधा ऑडॅसिटी. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात तिची सुरुवात झाली आणि २००० साली ती सर्वांसाठी खुली झाली. ती विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते, आणि ध्वनिलहर डोळ्यांना दाखवते. नववीच्या विद्यार्थ्याला कंप्रता आणि आयाम शिकवायला याहून चांगले साधन आम्हांला माहीत नाही. तिच्यात आणखी एक गुण आहे, ज्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. लांब ध्वनिमुद्रणावर जागोजागी नावाच्या पट्ट्या लावता येतात. 'येथे पहिली ओवी', 'येथे आजी हसतात', 'येथे कुत्रे भुंकले' अशा पट्ट्या लावून त्यांची यादी मजकुराच्या फाईलमध्ये वेगळी काढता येते. मूळ ध्वनी न कापता त्याची अनुक्रमणिका तयार होते. आम्हांला हे तेव्हा माहीत असते तर नऊ सेकंदांसाठी अर्धा तास कापावा लागला नसता.

पण ध्वनी साठवताना ऑडॅसिटी माहितीचे जे कोष्टक पुढे करते त्यात मुळात सात ओळी आहेत. कलाकार, गाण्याचे नाव, अल्बमचे नाव, क्रमांक, वर्ष, संगीतप्रकार आणि शेरा. नव्या ओळी वाढवता येतात हे खरे, पण समोर येतात त्या याच. या ओळी पाहिल्या की ज्याने त्या ठरवल्या त्याच्या डोळ्यांसमोर काय होते ते कळते. दुकानातली ध्वनिफीत. गाव, गाणारीचे वय, ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव, परवानगी, यांना तिथे जागा नाही.

ही अडचण एका आज्ञावलीची नाही. एमपी-३ फाईलच्या शेवटी माहिती चिकटवण्याची आयडी-३ ही पद्धत १९९६ साली आली. तिच्या पहिल्या रूपात सगळी माहिती १२८ बाइटांत बसवायची होती, आणि नावासाठी होते ३० बाइट. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही वेगळी चिन्हे मोजली जातात. म्हणजे आपल्या वाट्याला दहा चिन्हे. 'जात्यावरची ओवी' असे नाव लिहून पाहा. ज, काना, त, हलन्त, य, काना, व, र, च, वेलांटी, ही झाली दहा. 'जात्यावरची' मावते आणि 'ओवी' गळून पडते! पुढे १९९८ पासून आलेल्या सुधारित रूपांनी ही मर्यादा काढली. पण संगीतप्रकारांच्या पहिल्या ८० नावांच्या यादीचा कल मात्र पुढेही टिकला. त्या यादीत रॉकचे अनेक पोटभेद आहेत. ओवी, अभंग, पोवाडा, लावणी, भारूड या सर्वांसाठी मात्र फार तर 'एथनिक' हा एकच डबा.

आनंदी की गडद?

आता संगीत रचण्याच्या आज्ञावल्यांकडे वळू. यांचे काम वेगळे. रचनाकाराकडे हजारो छोटे तुकडे असतात. ढोलाचा एक ठोका, सतारीची एक तान, पावसाचा आवाज. त्यांतून हवा तो तुकडा झटकन मिळाला पाहिजे. पुनःपुन्हा वाजवता येणाऱ्या तुकड्याला लूप म्हणतात. त्याच्या फाईलमध्ये वेग आणि आधारस्वर नोंदवलेले असतात, म्हणून आज्ञावली त्याला ताणून किंवा आकसून दुसऱ्या तुकड्याशी जुळवते.

ॲपल कंपनीच्या २००४ साली आलेल्या गॅरेजबँडमधील लूप शोधण्याची खिडकी याचा चांगला नमुना आहे. तिथे वाद्य आणि संगीतप्रकार यांबरोबर विशेषणांच्या जोड्या आहेत. एकटा की समूह, शांत की तीव्र, आनंदी की गडद, सुरेल की विसंवादी. एकाच तुकड्यावर अनेक विशेषणे लागतात आणि बटणे दाबत गेले की यादी आखडत जाते. रंगनाथन यांना हे पाहून बरे वाटले असते. पैलूंचा उपयोग इथे खरोखर केला आहे, आणि शोध फार झटपट लागतो. घाईत असलेल्या रचनाकाराला दुसरे काय हवे?

पण आजींची ओवी या खिडकीसमोर आणून बसवा. आनंदी की गडद? सासरी नांदणारी बाई माहेरच्या आठवणीने ओवी म्हणते, तेव्हा तिला या दोन्हींपैकी काय म्हणायचे? स्वरसप्तकाच्या जागी 'मेजर', 'मायनर', 'दोन्ही नाही' किंवा 'दोन्हींना चालेल', यांतून निवडायचे असते. ओवीच्या वाट्याला बहुधा 'दोन्ही नाही' येईल, म्हणजे तिची ओळख नकाराने होईल. वेगाचेही तसेच. जात्यावरच्या ओवीचा वेग ठरतो दळणारीच्या हातावर. वैरण घातली की जाते जड होते, फेरा मंदावतो. दोघी खुंट्याला असल्या तर तो वाढतो. या सगळ्याची सरासरी काढून आज्ञावली सांगते ९२. आकडा चुकीचा नसेलही, पण त्यात जाते उरत नाही.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. या आज्ञावल्या आवाजाला कच्चा माल समजतात. 'हा आवाज मला कुठे वापरता येईल?' या प्रश्नाची उत्तरे त्या फार चांगली देतात. 'हा आवाज कोणाचा, कुठला, केव्हाचा?' हा प्रश्न त्या विचारतच नाहीत. रचनाकारासाठी यात गैर काही नाही. गवंडी विटेला तिची भट्टी विचारत बसत नाही. पण शाळा जेव्हा हीच साधने गावाचा आवाज जपायला वापरते, तेव्हा नकळत तीही आवाजाकडे विटेसारखे पाहू लागते. 'लूप ९२' हे नाव देणारी मुलगी आळशी नव्हती. आज्ञावलीने जे विचारले तेच तिने लिहिले.

कानाने शोधणारे यंत्र

'आता नावांची गरजच काय?' असे काही वाचक विचारतील. २०२४ साली आलेल्या एबल्टन लाइव्हच्या बाराव्या आवृत्तीत एखाद्या आवाजासारखे दुसरे आवाज शोधून देण्याची सोय आहे. बार्सिलोनाच्या पोंपेऊ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेल्या फ्रीसाउंड या खुल्या ध्वनिसंग्रहातही 'यासारखे' शोधता येते.

अशा शोधाची साधारण रीत समजायला अवघड नाही. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांश भागाएवढे तुकडे पाडायचे. प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेच्या पट्ट्यात किती ऊर्जा आहे ते मोजायचे. त्यातून आकड्यांची एक माळ मिळते. दोन आवाजांच्या माळा जितक्या जवळच्या, तितके ते आवाज सारखे. भूमितीत दोन बिंदूंमधील अंतर काढतो तसेच, फक्त अक्ष दोन नसून पुष्कळ.

रीत सुंदर आहे, पण ती काय शोधते ते नीट ध्यानात घ्यावे. ती आवाजाचा पोत शोधते. एकाच जात्यावर दळणाऱ्या दोन वेगळ्या बाया, एक रामाची आणि एक भावाची ओवी म्हणणाऱ्या, या रीतीला शेजारी वाटतील, कारण घरघर तीच. आणि एकच आजी, एकदा ओसरीवर आणि एकदा पत्र्याच्या खोलीत, दोन वेगळ्या मोबाईलवर टिपलेली, तिला दूरची वाटू शकेल. मराठी बोलण्याचा मजकूर करून देणारी यंत्रेही आता आली आहेत. ती जरूर वापरावीत. पण घरघरीत बुडालेली, गाऊन म्हटलेली, बोलीतली ओवी ती कशी उतरवतात ते स्वतः कानाने पडताळून पाहावे. आणि कितीही हुशार यंत्र असले तरी गाणारीचे नाव आवाजातून ते कसे काढणार? ते कोणीतरी लिहूनच ठेवावे लागते.

फ्रीसाउंडचे मात्र एका गोष्टीसाठी कौतुक केले पाहिजे. तिथे आवाज ठेवणाऱ्याला वर्णन, खुणेचे शब्द आणि वापराच्या अटी द्याव्या लागतात. हवे असल्यास नकाशावर जागाही दाखवता येते. आवाजाबरोबर त्याचे घर नोंदवण्याची ही सवय चांगली आहे.

देवनागरीची एक गाठ

शोधाची आणखी एक अडचण खास आपली आहे. 'शेतकऱ्याची गाणी' असे फाईलचे नाव घ्या. त्यातील 'ऱ्या' संगणकात तीन प्रकारे लिहिला जातो. एक, युनिकोडमध्ये या 'ऱ'साठी असलेले स्वतंत्र चिन्ह वापरून. दोन, साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता देऊन. तीन, 'र', हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसू शकतात. संगणकाला मात्र ती अक्षरांची वेगवेगळी माळ वाटते. पहिल्या दोहोंना एकच मानावे असा युनिकोडचा नियम आहे, पण सगळ्याच आज्ञावल्या तो पाळतात असे नाही. तिसऱ्याला तर हा नियमही लागू नाही. मग समोर असलेली फाईल शोधात सापडत नाही. वर्गात हा प्रयोग करून पाहण्याजोगा आहे. दोन विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या कळपटांवर हा शब्द लिहायला सांगा आणि एकाच्या शब्दाने दुसऱ्याची फाईल शोधा.

दुसरी गाठ गावाच्या नावाची. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगर बदलून अहिल्यानगर झाले. बोलताना आपण नुसते 'नगर' म्हणतो. तेव्हा जुन्या फायलींवर एक नाव, नव्यांवर दुसरे, आणि मुलांनी लिहिलेल्यांवर तिसरे. एका नावाने शोधले तर इतर दोन निसटतात. नाव बदलले म्हणून जुन्या नोंदी खोडून नव्या लिहिणे हा उपाय नव्हे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी काय नाव होते हीदेखील माहितीच आहे. उपाय असा की प्रत्येक जागेला एक न बदलणारा क्रमांक द्यावा आणि त्या क्रमांकासमोर सर्व नावे लिहावीत.

जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांना क्रमांकाचे हे महत्त्व चांगले ठाऊक आहे. तबकडीवरचा कागद फाटतो, त्यावरचे नाव चुकते, पण कागदाजवळ तबकडीवरच कोरलेला क्रमांक सहसा टिकतो. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या भारतीय ध्वनिमुद्रिका संग्राहकांच्या संस्थेसारख्या मंडळींना जुन्या तबकड्यांची ओळख पटवताना असे क्रमांक फार उपयोगी पडतात.

एक लाख ओव्यांची वही

आता ओव्यांकडे परत येऊ. कारण हाच प्रश्न आपल्याच महाराष्ट्रात, ओव्यांच्याच बाबतीत, फार मोठ्या प्रमाणावर सोडवला गेला आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संग्रह झाला सुमारे १,१०,००० ओव्यांचा, १,१०० हून अधिक गावांतील ३,३०० हून अधिक स्त्रियांकडून मिळालेला. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संशोधक त्यात आले आणि त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह उभा केला. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही झाले. ते ध्वनिमुद्रण लोकसंगीताच्या अभ्यासासाठी १९८२ साली स्थापन झालेल्या, आता गुरुग्राम येथे असलेल्या अभिलेखागारात जतन झाले. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचे संकेतस्थळ या ओव्या क्रमाने प्रसिद्ध करू लागले.

बेल यांची एक गोष्ट आमच्या विषयाला अगदी लागून आहे. ते स्वतः संगीताच्या आज्ञावल्या लिहिणारे. १९८०च्या दशकात जेम्स किपेन यांच्याबरोबर त्यांनी तबल्याच्या बोलांचे नियम हाताळणारी 'बोल प्रोसेसर' ही आज्ञावली तयार केली होती. म्हणजे आवाजाला नियमांत आणि आकड्यांत कसे बसवायचे हे त्यांना पक्के माहीत होते. तरी ओव्यांसाठी त्यांनी पाया घातला तो शब्दांच्या तक्त्याचा. प्रत्येक ओवीला तिचा क्रमांक, तिचे शब्द, गाणारीचे नाव, गाव आणि विषय. विषयांची वर्गवारी अक्षरे आणि आकडे यांनी केलेली, शाखा-उपशाखांची. ही वर्गवारी ओव्या वाचून, गाणाऱ्या बायांशी बोलून आतून उगवलेली आहे. सीतेचा वनवास, भाऊ-बहीण, माहेर, मुलगी, शेत अशा तिच्या वाटा. 'आनंदी की गडद' असे बाहेरून लादलेले त्यात काही नाही. शिवाय विषय हा अनेक पैलूंपैकी एक. त्याच ओवीकडे गावावरूनही जाता येते आणि गाणारीवरूनही.

या संग्रहातही उणीव आहे, आणि ती सांगितली पाहिजे. १२० तास म्हणजे ४,३२,००० सेकंद. ते सगळे ओव्यांनाच दिले आणि १,१०,००० ओव्यांत वाटले तरी एकीच्या वाट्याला चार सेकंदही येत नाहीत, आणि एक ओवी म्हणायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे पुष्कळ ओव्यांचे शब्द आहेत, पण आवाज नाही. आमच्याकडे नेमके उलटे होते. आवाज होता, शब्द आणि नाव नव्हते. दोन्ही उणिवांत फरक मात्र मोठा आहे. आवाज नसलेली ओवी सापडते. नाव नसलेला आवाज असूनही हरवतो.

शाळेने काय करावे?

यासाठी महागड्या आज्ञावलीची गरज नाही. आता आम्ही मुलांबरोबर पुढीलप्रमाणे काम करतो.

१. ध्वनिमुद्रण सुरू होताच मुलाने मोठ्याने बोलायचे : आजची तारीख, गाव, तालुका, गाणाऱ्याचे किंवा वस्तूचे नाव, आणि स्वतःचे नाव. पाच-दहा सेकंद लागतात. फाईलचे नाव पुढे कोणी बदलले तरी ही पाटी आवाजाच्या आतच राहते.

२. ध्वनिमुद्रणापूर्वी परवानगी विचारायची, आणि आवाज कुठे वाजवला तर चालेल हेही विचारायचे. शाळेत चालेल, पण संकेतस्थळावर नको, असे एखादी आजी म्हणू शकते. तेही लिहायचे.

३. फाईलचे नाव साधे. तारीख आणि क्रमांक, रोमन लिपीत. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. बाकीची सर्व माहिती नावात कोंबायची नाही.

४. ती माहिती वहीत, आणि मग संगणकाच्या तक्त्यात. रकाने असे : क्रमांक, तारीख, गाव (सर्व नावांसह), कोणाचा आवाज, कोणी टिपला, काय आहे, खुणेचे शब्द, परवानगी, मूळ फाईल कुठे आहे. शब्दांचे लेखन वर्गात एकदा ठरवून घ्यायचे आणि त्याची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायची.

५. मूळ ध्वनिमुद्रण कधीही कापायचे नाही. कापाकापी करायची ती प्रतीवर. प्रतीच्या नावात मूळ क्रमांक राहिलाच पाहिजे, म्हणजे नऊ सेकंदांवरून अर्ध्या तासापर्यंत परत जाता येते.

६. मूळ फाईलच्या किमान दोन प्रती, दोन वेगळ्या ठिकाणी. जागेची भीती वाटते तितकी खरी नाही. न दाबलेला, सीडीच्या प्रतीचा, एकपदरी आवाज सेकंदाला ४४,१०० नमुने आणि प्रत्येक नमुन्याला दोन बाइट या हिशेबाने मिनिटाला सुमारे ५.३ मेगाबाइट होतो. अर्ध्या तासाचे १६० मेगाबाइटही होत नाहीत. आज एका मोबाईलमधील काही मिनिटांची लग्नाची चित्रफीत याहून जास्त जागा खाते.

७. वर्षातून एकदा, नव्या वर्गाने जुन्या वर्गाच्या वहीतून कोणतेही पाच आवाज शोधून दाखवायचे. सापडले नाहीत तर वहीत काय कमी आहे ते कळते. ही परीक्षा मुलांची नसून वहीची असते.

हे सगळे झाले की मग ऑडॅसिटी उघडा, गॅरेजबँड उघडा, ओवीवर ढोल चढवा, कडबाकुट्टीचा ताल करा. त्यात आम्हांला आनंदच आहे. त्या आज्ञावल्या त्यांचे काम उत्तम करतात. फक्त वहीचे काम त्यांच्यावर सोपवू नये.

नातीच्या वडिलांना आम्ही ते नऊ सेकंद दिले. त्यांनी ते शाळेच्या ओसरीवर उभे राहून दोनदा ऐकले. मग विचारले, "सुरुवात नाही का याची?" आमच्याकडे उत्तर नव्हते. शिक्षकबंधू-भगिनींनी या सुट्टीत आपल्या शाळेच्या संगणकातील ध्वनींच्या फायली एकदा उघडून पाहाव्यात. ज्यांचे आवाज त्यांत आहेत त्यांतील बरीच माणसे अजून गावातच असतील. त्यांना विचारून नावे लिहून घेता येतील. ते काम पुढच्या वर्षावर टाकू नये.